कथा पाहुणी, कादंबरी नांदायला

ज्यांना ऐकायला जमत नाही, रेंज नाही, किंवा हेडफोनचा एक कान बंद पडलाय, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय. अडखळले होते तेवढं काढून टाकलं.

आजचा विषय एका भांडणातून आलाय. मी जालना ते संभाजीनगर रोज अप-डाऊन करते, हे जुन्या ऐकणाऱ्यांना माहितीये. संध्याकाळच्या गाडीत आमचा पाच-सहा जणींचा ठरलेला कंपू असतो. परवा चिकलठाणा सुटलं आणि एकीनं विचारलं, "मला काहीतरी ऐकायला सांगा गं, पण कादंबरी नको. पंधरा-वीस मिनिटांत संपेल अशी गोष्ट सांगा." झालं. दुसरी लगेच म्हणाली, "गोष्ट काय ऐकायची? आत्ता कुठं माणूस ओळखीचा होतोय म्हणावं तर संपते. चहाचा एक घोट घ्यावा आणि कुणी कप काढून न्यावा, तसं वाटतं." पहिली म्हणाली, "आणि तुझी कादंबरी? पन्नास पानं झाली तरी माणूस अजून अंगणातच उभा!"

करमाड गेलं, बदनापूर गेलं, भांडण चालूच. मग सगळ्या माझ्याकडं वळल्या. तू पॉडकास्टवाली, तू सांग. कथा चांगली की कादंबरी?

मी काहीच बोलले नाही. म्हणजे बोलता आलं नाही. कारण या प्रश्नाचं माझं उत्तर पुस्तकातून आलेलं नाही, ते आमच्या घरातून आलंय. आणि दिनेगाव ते जालना एवढ्या वेळात ते सांगून होण्यासारखं नव्हतं. म्हणून आज इथं सांगते.

तर, साल 2013. तुमच्यापैकी जे जालना, बीड, परभणीकडचे आहेत त्यांना हे साल वेगळं सांगायला नको. 2012 चा पाऊस दगा देऊन गेला होता आणि पुढचा उन्हाळा आमच्या जिल्ह्यानं टँकरची वाट बघत काढला. अंबड तालुक्यात आमचं गाव. आमची दोन एकर मोसंबी होती, अडीचशेच्या आसपास झाडं. जालन्याची मोसंबी म्हणून लोक नाव घेतात ना, त्यातलीच. मी तेव्हा नववीत होते.

आप्पांनी दोन महिने पाणी विकत घेऊन झाडं जगवली. प्यायला पाणी नव्हतं तिथं झाडाला किती घालणार? शेवटी एके दिवशी कटर मशीनवाला आला आणि बाग पडली. जळतनाच्या भावानं लाकूड गेलं. मी बांधावर उभी होते. मला कुणी घरी जा म्हणालं नाही आणि मीही गेले नाही.

त्यानंतर आप्पा त्या बागेबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. चिडचिड नाही, रडणं नाही, काहीच नाही. माय कधी विषय काढायला गेली तर उठून गोठ्याकडं जायचे. असं वर्षभर चाललं. ज्यांच्या घरात असा गप्प बसलेला बाप असतो त्यांनाच कळेल, ती शांतता किती जड असते.

पुढच्या वर्षी मी दहावीला. शाळेत कथाकथनाची स्पर्धा होती. सरांनी वाचनालयातून आणलेलं एक पुस्तक हातात दिलं आणि म्हणाले, यातली 'लाल चिखल' बसव. भास्कर चंदनशिव यांची कथा. ते आपल्या मराठवाड्याचेच. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बाजारात टमाट्याला भाव मिळत नाही, आणि शेवटी बाप आपणच पिकवलेले टमाटे पायाखाली तुडवतो. हे सगळं सांगणारा त्याचा शाळकरी मुलगा आहे. एवढंच. जास्त काही घडत नाही.

मी ओसरीवर उभी राहून मोठमोठ्यानं सराव करत होते. आप्पा खांबाला टेकून बसले होते. ऐकतायत असं मला वाटलंही नव्हतं. तुडवायचा भाग आला, मी हातवारे करून म्हणायला लागले, आणि आप्पा उठून गेले. माझा आवाजच बसला.

रात्री जेवणं झाल्यावर ते माझ्याजवळ आले. म्हणाले, "त्या पोराला तिथं उभं राहू द्यायला नको व्हतं बापानं."

मला आधी कळेचना. मग म्हणाले, "तू बी उभी व्हतीस बांधावर. म्या बघितलं व्हतं. तुला घरी जा म्हनायला तोंड उघडलं न्हाई माझं."

त्या रात्री आप्पा बोलले. कुठलं झाड कधी लावलं, पाण्यावर किती पैसे गेले, मशीनवाल्याला पहिलं झाड दाखवताना काय झालं, सगळं. माय भिंतीला टेकून ऐकत होती. वर्षभर जे कुणाला जमलं नाही ते त्या कथेनं वीस मिनिटांत केलं.

मी स्पर्धेत तिसरी आले. ते जाऊ द्या.

आता बघा, हीच गोष्ट तीनशे पानांची असती तर? आप्पा तीनशे पानांपर्यंत थांबले असते का? नसते थांबले. पहिल्या दहा पानांतच ओळखलं असतं की हे आपल्याकडं येतंय, आणि गोठ्याकडं निघून गेले असते. कथेनं त्यांना सावध व्हायला वेळच दिला नाही.

एडगर अ‍ॅलन पो हा अमेरिकन लेखक. त्यानं 1842 मध्ये कथेबद्दल एक मुद्दा मांडला होता. एका बैठकीत वाचून होईल, म्हणजे साधारण अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत, एवढीच गोष्ट असावी. कारण मधे उठलं की बाहेरचं जग आत शिरतं आणि परिणाम फुटतो. मला हे पुस्तकात नंतर सापडलं. आमच्या ओसरीवर आधीच घडून गेलं होतं.

थोडं मागं जाऊ या, कारण ही कथा आपल्याकडं नेमकी आली कुठून हे बघण्यासारखं आहे. हरिभाऊ आपटे यांचं 'करमणूक' हे साप्ताहिक 1890 मध्ये सुरू झालं. 'पण लक्षांत कोण घेतो?' ही त्यांची कादंबरी त्यात क्रमशः आली. म्हणजे आपण आज ती जाड पुस्तक म्हणून बघतो, पण पहिल्या वाचकांनी ती तुकड्या-तुकड्यांत वाचली, पुढच्या अंकाची वाट बघत. आणि त्याच 'करमणूक'मध्ये हरिभाऊ 'स्फुट गोष्टी' या नावाखाली छोट्या गोष्टीही लिहीत होते. एकच माणूस, एकच साप्ताहिक, दोन्ही प्रकार. कथा मोठी की कादंबरी मोठी, असं भांडण वाचकांनी तेव्हा केलं असेल असं मला वाटत नाही. आला अंक की वाचायचा.

मग 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक आला, आपल्याकडचा पहिला. पुढं 'यशवंत', 'किर्लोस्कर', 'सत्यकथा', 'हंस' अशी मासिकं आली आणि मराठी कथा त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर ही नावं आपण नवकथेबरोबर घेतो. ही कथा आधी मासिकातून घराघरात पोचली, पुस्तकात नंतर गेली. आणि 1982 मध्ये 'सत्यकथा' बंद झालं. बाकीचीही एकेक करून बंद पडली किंवा अशक्त झाली. उरले दिवाळी अंक. म्हणजे कथेचं घर वर्षातून एकदाच उघडायला लागलं.

मला वाटतं, "हल्ली कथा कोण वाचतं?" असं जे म्हणतात त्याचं बरंचसं कारण इथं आहे. वाचकाची आवड अचानक बदलली नाही. कथा ज्या गाडीत बसून यायची ती गाडी बंद झाली. कादंबरीला गाडी लागत नाही, ती स्वतःच्या पायानं, स्वतःच्या कव्हरात चालत येते. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात तुम्ही कपाट बघा. 'मृत्युंजय', 'स्वामी', 'पानिपत' यांचे कोपरे झिजलेत, पाठ दोनदा शिवलीय. कथासंग्रह शेजारीच आहेत, कोरे करकरीत. वाचनालयातले काका म्हणतात, "पुस्तक घरी न्यायचं तर लोकांना वजनदार पाहिजे असतं. महिनाभर पुरलं पाहिजे ना." किराणा भरल्यासारखं! पण काका चुकीचं बोलत नाहीत.

आता कादंबरीकडं येते. दुसरा प्रसंग.

2020, मार्च. लॉकडाऊन लागलं. माझा दादा पुण्याहून परत आला. एम.ए. झाला होता, बी.एड. झाला होता, चार वर्षं स्पर्धा परीक्षा देत होता. पैसे आप्पा पाठवत होते, कसे ते त्यांनाच माहीत. दादा घरी आला आणि बाप-लेकांचं बोलणं बंद झालं. भांडण म्हणावं तर भांडणही नाही. "जेवला का?" "हो." एवढंच. दोघं एका ओसरीवर, एक या टोकाला, एक त्या टोकाला. दोघांच्या मधे ती चार वर्षं बसलेली.

लॉकडाऊनच्या आदल्या आठवड्यात मी वाचनालयातून एक पुस्तक आणलं होतं. सदानंद देशमुख यांची 'बारोमास'. देशमुख आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्याचे, आणि या कादंबरीला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. पुस्तक परत करायला वाचनालयच बंद. मग वाचायला लागले. आणि मायला डोळ्यांचा त्रास, म्हणून संध्याकाळी दिवा लावला की तिच्यासाठी मोठ्यानं वाचायचं.

त्यातला नायक एकनाथ. शिकलेला, एम.ए., बी.एड., नोकरी नाही, शेतात राबतोय. सुरुवातीची काही पानं झाली आणि माझ्या लक्षात आलं की मी कुणाच्या घरात कुणाची गोष्ट वाचतेय. वाटलं, थांबावं. पण मायच म्हणाली, "थांबली का? वाच की."

पहिल्या आठवड्यात आप्पा लांब बसायचे. दुसऱ्या आठवड्यात मला विचारायला लागले, "आज किती वाजता वाचनार?" मग शेतातून आल्यावर हातपाय धुताना, "एकनाथचं काय झालं रं पुढं?" जसा काही एकनाथ आमच्या भावकीतलाच. माय त्याच्या बायकोवर चिडायची आणि दोन दिवसांनी तिचीच बाजू घ्यायची. आप्पा एकनाथच्या बापाला शिव्या घालायचे आणि मग गप्प व्हायचे.

आणि दादा. तो आधी आत खोलीत असायचा, मोबाइलवर. मग दारात. मग उंबऱ्यावर. एके दिवशी माझा घसा बसला होता, तर म्हणाला, "आण इकडं," आणि पुस्तक घेऊन स्वतः वाचायला लागला. आप्पांनी वर बघितलं नाही. पण उठूनही गेले नाहीत.

त्यानंतर जे सुरू झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. आप्पा म्हणायचे, "एकनाथनं बापाला आधीच सांगायला पाहिजे व्हतं." दादा म्हणायचा, "सांगितलं असतं तर बापानं ऐकलं असतं का?" आप्पा म्हणायचे, "बाप काय सैतान असतो का?" दादा म्हणायचा, "सैतान नसतो. पण त्याला वाटतं पोरगं बसून खातंय." दोघंही एकनाथबद्दल बोलत होते. माय आणि मी एकमेकींकडं बघत होतो. एकनाथ मधे होता म्हणून त्यांना बोलता येत होतं.

सव्वा महिना लागला ती कादंबरी संपायला. आणि ते सव्वा महिना लागणं महत्त्वाचं होतं. आदल्या दिवशी बोललेलं रात्रभर मुरायचं, दुसऱ्या दिवशी शेतात काम करताना डोक्यात फिरायचं, संध्याकाळी पुन्हा थोडं पुढं जायचं. हे काम कथेला झालं नसतं. 'लाल चिखल'नं आप्पांचं तोंड एका रात्रीत उघडलं, खरंय. पण दादाच्या आणि त्यांच्या मधे जे होतं ते एका रात्रीत उघडलं असतं तर भडका उडाला असता. तिथं हळूहळूच जायला पाहिजे होतं.

तेव्हापासून मी असं म्हणते की कथा पाहुणी म्हणून येते आणि कादंबरी नांदायला येते. पाहुणी दोन घटका बसते, पण कधी कधी घरातल्या कुणालाही न बोलता आलेलं एक वाक्य बोलून जाते. नांदायला आलेली तसं करू शकत नाही. तिला घराचं सगळं बघावं लागतं, रुसवे-फुगवे, सण, आजारपण. पण ती आल्यावर घर पहिल्यासारखं राहत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे झालं तुझ्या घरचं. मोठमोठे लोक काय म्हणतात? तर मोठ्या लोकांतही हे भांडण आहे, आणि आमच्या गाडीतल्यापेक्षा जोरात आहे. भालचंद्र नेमाडे यांनी 1963 मध्ये, पंचविशीत, 'कोसला' दिली. 2014 चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. काही काळ ते आपल्या मराठवाडा विद्यापीठात शिकवायलाही होते. त्यांनी लघुकथेला क्षुद्र वाङ्मयप्रकार ठरवलं आणि त्यावरून मराठीत बराच धुरळा उडाला. त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. समाजाचा मोठा पट, अनेक माणसं, अनेक वर्षं, हे कथेच्या आवाक्यात बसत नाही. आणि मासिकाची पानं भरायला लिहिलेल्या कथांचा सुकाळही एके काळी झालाच होता.

पण दुसऱ्या बाजूला जी. ए. कुलकर्णी बघा. या माणसानं एकही कादंबरी लिहिली नाही. आयुष्यभर कथाच. 'काजळमाया'ला 1973 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तो त्यांनी परत केला, ती गोष्ट वेगळी. 'रमलखुणा'मध्ये तर दोनच कथा आहेत, 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. त्या वाचून झाल्यावर आपण काहीतरी छोटं वाचलं असं कुणी म्हणून दाखवावं. आणि जगात बघायचं तर कॅनडाच्या अ‍ॅलिस मन्रो यांना कथालेखनासाठीच साहित्याचं नोबेल मिळालं. साल कोणतं? 2013. आमची बाग पडली ते.

आणि आपल्या इकडची माणसं तर या भांडणात पडलेलीच दिसत नाहीत. परभणी जिल्ह्याचे आसाराम लोमटे यांना 'आलोक' या कथासंग्रहासाठी 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या कथा चांगल्या लांब असतात, एका फेरीच्या प्रवासात संपणार नाहीत. रा. रं. बोराडे यांनी ढिगानं कथा लिहिल्या, आणि 'पाचोळा' ही कादंबरीही लिहिली. ती गावातल्या शिंप्याची बायको तिच्याच बोलीत सांगते, आणि आकारानं एवढीशी आहे. आमच्या जालन्याच्याच रेखा बैजल. त्यांनी कथाही लिहिल्या आणि कादंबऱ्याही. जे सांगायचंय ते जेवढं लांब असेल तेवढं लिहायचं, असा सरळ हिशेब.

खरं तर हा हिशेब आपल्या मातीत फार जुना आहे. आमच्या तालुक्यात शहागडला जी गोदावरी लागते, तिच्याच वरच्या अंगाला पैठण. सातवाहनांचं प्रतिष्ठान. तिथल्या हाल राजाच्या नावावर 'गाथा सप्तशती' आहे. सातशे गाथा, प्रत्येक गाथा दोन ओळींची. त्या दोन ओळींत एक बाई, एक शेत, एक नवरा परगावी गेलेला, संपलं. आणि सातवाहन दरबारातल्याच गुणाढ्याची दंतकथा सांगतात की त्यानं 'बृहत्कथा' लिहिली, सात लाख श्लोकांची, पैशाची भाषेत. राजानं ती नाकारली. तेव्हा गुणाढ्य रानात जाऊन बसला, एकेक पान मोठ्यानं वाचायचा आणि आगीत टाकायचा. ऐकायला रानातली जनावरं जमली. चरणं विसरून ऐकत बसली. राजाला कळून तो धावत येईपर्यंत सहा लाख श्लोक जळाले होते, एक लाख उरले.

दंतकथाच आहे ती. पण बघा, नदीच्या एकाच काठावर दोन ओळींचीही आठवण आहे आणि सात लाखांचीही. आणि गुणाढ्याची गोष्ट लक्षात राहते ती लांबीमुळं नाही. तो मोठ्यानं वाचत होता आणि कुणीतरी ऐकत होतं, त्यामुळं राहते.

आता शेवटचं. कामाचं. तुमच्यातले बरेच जण म्हणतात, "आमचा कादंबरी वाचायचा दमच गेलाय. दोन पानं झाली की हात फोनकडं जातो." मी खोटं बोलणार नाही, माझाही जातो. 'कोसला' मी दोनदा सुरू करून ठेवली होती, तिसऱ्यांदा पूर्ण झाली. त्यासाठी मला जे उपयोगी पडलं ते सांगते.

एक, हिशेब करा. तीनशे पानांची कादंबरी मोठ्यानं वाचायला साधारण अकरा-बारा तास लागतात. ऐकून भीती वाटते. पण रोज वीस मिनिटं धरली तर सव्वा महिना. रोज वीस मिनिटं तर आपण काहीही न बघता नुसतं बोटानं वर सरकवण्यात घालवतो. हरिभाऊंच्या वाचकांनी आठवड्याला एक तुकडा खाऊन कादंबरी पचवली, आपल्याला काय झालं? आणि आज फोनवर भाग छत्तीस, भाग सदतीस अशा मालिका वाचणारे तुम्हीच आहात ना? मग दम गेला कसा म्हणता? दम आहे. जाड पुस्तकाची धास्ती बसलीय एवढंच.

दोन, मधला पूल वापरा. 'श्यामची आई' घ्या. तिच्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. बेचाळीस रात्री. एका रात्रीला एक गोष्ट. वाटलं तर एकच वाचा, ती कथा. सगळ्या वाचा, ती कादंबरी. किंवा माडगूळकरांची 'बनगरवाडी', किंवा आत्ता सांगितलेली 'पाचोळा'. लहान कादंबऱ्या आहेत, पण आत गेल्यावर गावच्या गाव आहे.

तीन, कथा ऐकायच्या असतील तर कथाकथन ऐका. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगावी फिरून कथा सांगितल्या. लोक मैदानात बसून ऐकायचे. हसायचे तर पोट धरून. कथा ही कानाची चीज आहे हे त्यांनी आपल्या आधी ओळखलं होतं. तेव्हा कुणी तुम्हाला म्हणालं की "ऐकणं म्हणजे काय वाचन आहे का," तर मनावर घेऊ नका.

आणि चार, हे सगळ्यात महत्त्वाचं. पुस्तक निवडताना पानं मोजू नका, स्वतःला विचारा की आत्ता आपल्याला काय हवंय. आत काहीतरी अडकलंय आणि बोलता येत नाही, तर कथा घ्या. कुणाबरोबर तरी पुष्कळ दिवस राहायचंय, एकटं वाटतंय, किंवा घरातल्या कुणाशी सरळ बोलता येत नाही, तर कादंबरी घ्या. आणि शक्य असेल तर दोन्ही वेळेला मोठ्यानं वाचा. कोण खांबाला टेकून ऐकतंय, सांगता येत नाही.

दादाचं काय झालं असं तुम्ही विचारणार. परीक्षा पास झाला नाही तो. सध्या जालन्यात एका बियाण्याच्या दुकानात काम करतो आणि शनिवार-रविवार गावाकडं येतो. मागच्या पावसाळ्यात त्यानं आणि आप्पांनी मिळून मोसंबीची साठ रोपं लावली. दोन एकर नाही, साठच. ठिबक दादानं जोडलं. जगतील की नाही ते पाऊस ठरवणार. 'बारोमास' मी लॉकडाऊन उठल्यावर परत केली. काकांनी उशिराचा दंड घेतला नाही. पान उलटताना त्यांना आत मोसंबीचं एक वाळलेलं पान सापडलं. ते आमच्यापैकी कुणी ठेवलं, मला माहीत नाही. बाग तर सात वर्षांपूर्वीच पडली होती.

तर मैत्रिणींनो, करमाडपासून थांबलेलं माझं उत्तर हे असं आहे. उद्या गाडीत जी म्हणाली गोष्ट पाहिजे, तिला मी 'लाल चिखल' वाचून दाखवणार आहे. चिकलठाण्याला सुरू केली तर बदनापूरच्या आत संपेल. आणि जी म्हणाली कप काढून नेल्यासारखं वाटतं, तिच्यासाठी पिशवीत 'पाचोळा' ठेवलीय. रोज थोडी थोडी वाचू. गाडी उशिरा आली तर दोन पानं जास्त.

तुमच्या घरी यातलं कुणी आलंय का, पाहुणी किंवा नांदायला, ते मला कळवा. आवाजात पाठवलंत तर जास्त बरं. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या. राम राम.